तलाव किती भरला ते कळलं, त्यात काय उतरलं ते कधी कळणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की तुमच्या अंकात रोज एक छोटा तक्ता येतो. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी; प्रत्येक नावापुढे आजचा साठा आणि गेल्या वर्षीचा साठा. मी तो राशिभविष्याच्या आधी वाचते. सातही तलाव काठोकाठ भरले की १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी होतं, हे आमच्या सोसायटीतल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. तानसा वाहू लागला की व्हॉट्सॲपवर पेढ्यांची चित्रं फिरतात. मलाही आनंद होतो, पण माझी सवय वाईट आहे. पाणी किती, हे कळलं की लगेच पाण्यात काय, असा प्रश्न येतो. आयुष्य परीक्षानळ्या धुण्यात गेलं, त्याचा हा परिणाम.

मी ३१ वर्षं सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत सहायक होते. आता मुलुंडला मुलीकडे राहते. माहेर शहापूर तालुक्यातलं, भातसा नदीच्या काठी, धरणाच्या खालच्या अंगाला. मुंबईकरांना सहसा ठाऊक नसतं की भातसाचं पाणी धरणातून थेट पाइपात शिरत नाही. ते आधी नदीच्या पात्रात सोडतात, कित्येक किलोमीटर नदीतूनच खाली येतं, मग पिसे इथल्या बंधाऱ्यावर उचलतात आणि पांजरापूरला शुद्ध करतात. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा हा. म्हणजे तुमच्याआमच्या स्वयंपाकघरातलं पाणी येताना माझ्या दादाच्या बांधाला घासून येतं. त्यामुळे हे पत्र दोन्ही बाजूंनी लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते.

विषय स्फुरदाचा आहे. पुस्तकात फॉस्फरस, शेतकऱ्याच्या तोंडी स्फुरद. नत्र, स्फुरद, पालाश या तिघांतला मधला आणि सर्वांत मुखदुर्बळ. नत्र जास्त झालं तर पीक हिरवंगार होऊन सांगतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, असं भारतीय मानक सांगतं. स्फुरदाबद्दल त्याच मानकात मर्यादाच नाही, कारण तो प्यायला तसा निरुपद्रवी. आणि ज्याला मर्यादा नाही ते सहसा कोणी मोजत बसत नाही. पण तलावाला तो निरुपद्रवी नाही. गोड्या पाण्यात शेवाळ वाढायला बाकी बरंच काही हाताशी असतं. अडतं ते बहुधा स्फुरदावर. निळं-हिरवं शेवाळ, निदान त्याच्या काही जाती, तर नत्र हवेतून ओढून घेतं. म्हणूनच आमच्याकडे भातखाचरात ते मुद्दाम सोडायचे कार्यक्रम होत असत, जैविक खत म्हणून. खाचरात जे वरदान, तेच तलावात नको असतं, आणि त्याला तिथे फक्त स्फुरद पुरवावा लागतो.

आता हिशेब. डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताच्या ५० किलोच्या गोणीवर १८:४६ लिहिलेलं असतं, आधी नत्र, मग स्फुरद. ते ४६ टक्के म्हणजे ऑक्साइडच्या रूपातला आकडा. शुद्ध स्फुरद धरला तर गोणीत साधारण १० किलो. पिकाच्या मुळांभोवतीच्या पाण्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास स्फुरद असला की पीक खूश. तलावात मात्र एकूण स्फुरद ०.०२ ते ०.०३ मिलिग्रॅमच्या पुढे गेला की शेवाळाची लक्षणं दिसू लागतात. दहापटींचा फरक! म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने ज्या पाण्यात खत जवळजवळ नाहीच, ते पाणी तलावाच्या दृष्टीने खतावलेलं असतं. एक किलो स्फुरद पाच कोटी लिटर पाण्याला ०.०२ च्या रेषेवर नेऊन ठेवू शकतो. एका गोणीतला सगळा स्फुरद पाण्यात गेला, तर पन्नास कोटी लिटर, मुंबईच्या एका दिवसाच्या पुरवठ्याचा साधारण आठवा भाग. अर्थात सगळा जात नाही, फार थोडा जातो. पण हेक्टरामागे एक किलो गेला तर दादाचं नुकसान किती? पाच किलो डीएपीचं. गोणी १,३५० रुपयांना धरली तर १३५ रुपये. एवढ्याशा पैशासाठी कुठला शेतकरी झोप उडवून घेईल? शेताच्या वहीत जे खर्चाच्या रकान्यातही येत नाही, ते तलावाच्या वहीत पहिल्या पानावर येतं. अडचण इथे आहे.

अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये काय झालं ते तुमच्या जुन्या वाचकांना आठवत असेल. ईरी सरोवरात निळ्या-हिरव्या शेवाळाचा तवंग आला, त्याचं विष नळाच्या पाण्यात सापडलं, आणि चार-पाच लाख लोकांना दोन-तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. उकळूनही उपयोग नव्हता. उकळल्याने पाणी आटतं, विष तिथेच राहतं. त्या शेवाळाला खाऊ घालणारा स्फुरद मुख्यतः मॉमी नदीच्या खोऱ्यातल्या शेतांतून आला होता. आपल्याकडे तसं होणार, असं मी म्हणत नाही. तानसा-वैतरणेच्या पाणलोटात मोठं जंगल आहे, आणि तिथला आदिवासी शेतकरी नाचणी-वरीला टाकतो ते खत बघून मला हसू येईल, इतकं कमी. शिवाय मुंबईने आधी स्वतःचा पवई तलाव पाहावा. १८९१ साली पिण्यासाठी बांधला, आज जलपर्णीने आणि सांडपाण्याने भरला आहे. त्यात शेतकऱ्याचा काडीचा हात नाही. मुंबईकराने शहापूरच्या शेतकऱ्याकडे बोट दाखवायच्या आधी हे लक्षात ठेवलेलं बरं.

तरीही प्रश्न उरतोच: कुठल्या शेतातून किती धोका, हे ठरवायचं कसं? आणि इथे माझ्याच खात्याबद्दल, म्हणजे माझ्या स्वतःच्या ३१ वर्षांबद्दल, मला थोडं कडू बोलावं लागेल.

आमचं काम सोपं होतं. शेतकरी पिशवीत माती आणायचा. आम्ही ती वाळवून, चाळून, आम्लधर्मी असेल तर ब्रे पद्धतीने, नाहीतर ऑल्सेन पद्धतीने स्फुरद काढायचो. मॉलिब्डेट घातलं की नळीत निळा रंग येतो. जितका गडद निळा, तितका स्फुरद जास्त. तो रंग मला अजून स्वप्नात दिसतो, आणि खरं सांगायचं तर फार सुंदर असतो. मग अहवालावर शेरा: अत्यंत कमी, कमी, मध्यम, थोडे जास्त, जास्त, अत्यंत जास्त. २०१५ पासून हेच सरकारी योजनेतल्या जमीन आरोग्य पत्रिकेवर येतं. या सगळ्या शेऱ्यांचा अर्थ एकच: पिकाला खत टाकायचं की नाही. पाण्याचा त्यात विचारच नव्हता. ऑल्सेनसाहेबांनी १९५४ मध्ये पद्धत बसवली ती पिकासाठी, आम्हीही वापरली ती पिकासाठी. चूक कोणाचीच नाही. पण आता तोच निळा रंग बघून कोणी म्हणालं, ‘या गावची माती जास्त स्फुरदाची, म्हणजे नदीला धोका इथूनच,’ तर ते साफ चुकेल.

दादाचीच दोन शेतं घ्या. एक भाताचं खाचर, गावठाणाला लागून. आजोबांच्या वेळेपासून गोठ्याचं शेण तिथेच पडतं, वर राब, म्हणजे पालापाचोळा, भाजतात, त्याची राख तिथेच, आणि दर वर्षी गोणीही तिथेच. पत्रिकेवर स्फुरद ‘अत्यंत जास्त’. दुसरा तुकडा नदीच्या अगदी काठाला. उन्हाळ्यात त्यात भेंडी, पावसाळ्यात उतारावर काकडी नाहीतर दोडका. तिथे स्फुरद ‘मध्यम’. पत्रिका वाचणारा साहेब पहिल्या शेताला लाल खूण करील. पण पहिल्या खाचराचं पाणी कुठे जातं? बांधाच्या मोरीतून खालच्या खाचरात, तिथून त्याच्या खालच्या, मग आणखी एका. चार खाचरं ओलांडेपर्यंत गढूळ पाणी निवळतं, माती खाली बसते. आमच्या पूर्वजांनी बांध घातले ते पाणी अडवायला, पण त्यांनी स्फुरदही अडवून ठेवला. दुसऱ्या तुकड्याला असा कोणी राखणदार नाही. उतार, मोकळी भुसभुशीत माती, आणि पंधरा पावलांवर नदी. जून संपता संपता जो पाऊस पडतो, त्यात तिथली वरची माती थेट भातसेत.

परदेशात यावर १९९३ मध्ये एक साधी युक्ती काढली. तिला स्फुरद निर्देशांक म्हणतात. एका बाजूला शेतात स्फुरद किती आहे: मातीतला, यंदा टाकलेल्या खतातला, शेणखतातला, आणि तो पेरून दिला की वर फेकला. दुसऱ्या बाजूला तो पाण्यापर्यंत पोचायचा रस्ता किती मोकळा आहे: उतार, धूप, वाहून जाणारं पाणी, ओढ्यापासूनचं अंतर. सुरुवातीला या गोष्टींना गुण देऊन त्यांची बेरीज करत. मग लक्षात आलं की बेरीज चुकीची, गुणाकार हवा. रस्ताच बंद असेल तर कोठार कितीही भरलेलं असो, बाहेर काही येत नाही. शून्याने गुणलं की शून्य. दादाला हे मी भाताच्या कणगीचं उदाहरण देऊन सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे कणगी भरलेली असून चालते, दार उघडं नको.” इतकं नेमकं मला कधी कोणत्याही प्रशिक्षणात ऐकायला मिळालं नव्हतं.

या पद्धतीने बघितलं की एक गोष्ट हमखास दिसते. खोऱ्यातला बहुतेक स्फुरद थोड्याशाच जमिनीतून जातो, जिथे भरलेली कणगी आणि उघडं दार एकत्र येतात तिथून. म्हणजे सगळ्या शहापूर तालुक्याला खताची बंदी घालायची गरज नाही. ती थोडी ठिकाणं शोधायची.

आणि ती शोधायला आपली पत्रिका आज अपुरी पडते. कोरडवाहू भागात १० हेक्टरांच्या चौकटीतून एक नमुना, बागायतीत अडीच हेक्टरांतून एक, असं या योजनेचं माप आहे. सपाट विदर्भात ते चालून जात असेल. आमच्याकडे १० हेक्टरांत टेकडी, वरकस म्हणजे उतारावरची हलकी जमीन, चार-पाच खाचरं, ओढा आणि एखादी वाडी एवढं सगळं येतं. त्या सगळ्याचा एक निळा रंग! शिवाय नमुना घेताना आम्ही इंग्रजी ‘व्ही’सारखा खड्डा करून वीतभर खोलीची माती घ्यायला शिकवतो, कारण मुळं तिथवर जातात. पण वाहतं पाणी मातीला भेटतं ते फक्त वरच्या बोटभर थरात.

हे मी गेल्या मे महिन्यात करून पाहिलं. काठच्या तुकड्यातली वीतभर माती एका पिशवीत, नुसता वरचा दोन सेंटीमीटरचा थर दुसऱ्या पिशवीत. वहिनी म्हणाली, “निवृत्त झालीस तरी माती काही सुटेना तुझी.” ओळखीच्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दोन्ही नमुने लावले. वरच्या थराची नळी डोळ्यांनी दिसावी इतकी जास्त निळी. खत वर फेकलं जातं, माती ते धरून ठेवते, खाली उतरू देत नाही, म्हणून सगळा साठा वरच. एका शेतावरून सिद्धांत मांडण्याइतकी मी भोळी नाही, पण हा नियम पुस्तकातही असाच आहे.

मग जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसाला दादाने मोरीखाली प्लॅस्टिकची बाटली धरली आणि मुलुंडला येणाऱ्या भाच्यासोबत पाठवली. पाणी चहाच्या रंगाचं. दोन दिवसांनी तळाशी बोटाच्या पेरभर तांबडा गाळ. आपल्या तांबड्या मातीतलं लोह स्फुरदाला घट्ट पकडतं, त्यामुळे कोकणातला स्फुरद पाण्यात विरघळून कमी आणि मातीच्या कणांवर बसून जास्त प्रवास करतो. हे ऐकून बरं वाटतं, कारण माती शेवटी तळाशी बसते. पण तळाशी बसलेली माती कायमची गप्प राहत नाही. उन्हाळ्यात खोल पाण्यातला प्राणवायू संपला की त्या लोहाची पकड सुटते आणि इतक्या वर्षांचा जमलेला स्फुरद तलावाच्या पोटातूनच पाण्यात परत येतो. तोपर्यंत ज्याच्या शेतातून तो गेला तो शेतकरी कदाचित शेती सोडून वाशिंदला रिक्षा चालवत असेल. शेत सुधारलं तरी तलाव लगेच सुधारत नाही, याचं कारण हे आहे.

सेंद्रिय म्हणजे निर्दोष, असं मानणाऱ्या माझ्या मुंबईकर मैत्रिणींसाठी दोन ओळी. शेणखतात स्फुरद थोडा असतो, कोंबडखतात त्याच्या कित्येक पट. आमच्या भागात पोल्ट्री पुष्कळ. मे महिन्यात ते खत ट्रॉलीने येतं आणि उघड्यावर ढीग घालून ठेवतात. पहिल्या पावसात त्या ढिगाखालून जे काळं पाणी निघतं, त्याच्यापुढे डीएपीची गोणी सोवळी. ढिगावर ताडपत्री टाकणं आणि तो ओढ्यापासून लांब ठेवणं, याला फारसा पैसा लागत नाही.

उपायही ठिकाण पाहून करावे लागतात, नाहीतर एक बांधताना दुसरं सुटतं. नेरळ भागातून पसरलेलं सगुणा भात तंत्र मला आवडतं. चिखलणी नाही, नांगरणी नाही, त्यामुळे माती वाहत नाही. पण नांगरणी नाही म्हटल्यावर वर फेकलेलं खत वरच राहतं. ईरी सरोवराच्या खोऱ्यातही बिननांगरणी शेतीने माती वाचली, विरघळलेला स्फुरद मात्र वाढला. म्हणून अशा बिननांगरणीच्या शेतात खत मातीच्या आत द्यायला हवं. आमच्याकडे युरिया-डीएपीच्या गोळ्या भातरोपांच्या चार चुडांच्या (जुड्यांच्या) मध्ये चिखलात खोचतात, तो प्रकार याला उत्तम. कमरेचा काटा ढिला होतो हे मान्य, मी स्वतः खोचल्या आहेत. आणि ज्या खाचराची पत्रिका ‘अत्यंत जास्त’ म्हणते, तिथे दोन-तीन वर्षं स्फुरद टाकलाच नाही तरी भात उणा येणार नाही. हे मी दादाला सांगून दमले. तो म्हणतो, दुकानदार सांगतो ते वेगळं. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट असताना खत फेकू नये, एवढं मात्र त्याने मानलं आहे.

परदेशी निर्देशांक उचलून जसाच्या तसा इथे लावू नये, हेही सांगते. अमेरिकेत शेजारशेजारच्या राज्यांनी आपापले निर्देशांक केले, आणि एकाच शेताला एकीकडे ‘कमी’ तर दुसरीकडे ‘जास्त’ असा शेरा मिळू लागला. गुण कागदावर ठरवले आणि वाहून येणारं पाणी प्रत्यक्ष मोजून ताडून पाहिलं नाही, की असं होतं. वर मी दिलेला ०.०२ चा आकडाही थंड प्रदेशातल्या तलावांवरून आलेला. आमच्याकडे चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि ओढे नोव्हेंबरनंतर आटतात. त्यामुळे आपले गुण आपल्या पावसात भिजूनच ठरले पाहिजेत. त्यासाठी लागणारं बरंचसं साहित्य सरकारच्याच कपाटांत आहे. मातीचे नकाशे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेकडे, पत्रिका कृषी खात्याकडे, भाताचे जाणकार कर्जतच्या संशोधन केंद्रात आणि दापोलीच्या विद्यापीठात, तलावाचं पाणी महापालिकेच्या हातात. भातसेच्या काठचे पाच-सहा तुकडे निवडून, मोरीखाली बाटल्या धरून, दोन पावसाळे मोजलं तरी सुरुवात होईल.

मी एका कार्यालयात गेले होते, नाव लिहीत नाही. तलावातल्या एकूण स्फुरदाचे महिनावार आकडे पाहायला मिळतील का, असं विचारलं. टेबलामागच्या तरुणाने अदबीने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, “आजी, पाणी एकदम शुद्ध आहे, काळजी करू नका.” पाणी मी प्यायले. चांगलं होतं. माझा प्रश्न मात्र टेबलावरच राहिला.

म्हणून तुमच्याकडे मागते. तुमच्या त्या रोजच्या तक्त्यात महिन्यातून एकदा, पावसाळ्यात आणि मे महिन्यात तरी, आणखी एक रकाना घाला: स्फुरद, मिलिग्रॅम प्रति लिटर. छापायचा म्हटला की कोणाला तरी मोजावा लागेल.

आणि एक राहिलं. दादाने यंदा काठच्या तुकड्यात नदीकडची पाच फूट पट्टी सोडून तिथे माती अडवायला वाळा लावला आहे आणि बांधावर निरगुडी. वाळ्याने चांगला जीव धरलाय. त्या पट्टीत पूर्वी भेंडीच्या दोन ओळी असायच्या. त्या दोन ओळींचे पैसे मुंबईत कोणाकडे मागायचे, असं तो प्रत्येक फोनवर विचारतो. पत्ता ठाऊक असेल तर कृपया छापावा.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
मुलुंड (पूर्व), मुंबई